एकोणसत्तर लाखांचा आकडा कसा वाचावा?

गडहिंग्लजच्या बाजारात मिरची घ्यायला आलेला जाणता माणूस पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मिरचीवरून भाव ठरवीत नाही. तो आत हात घालून तळाची मिरची काढून पाहतो, शेजारच्या पोत्यातलीही पाहतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ती होते याचे कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. नवजात अर्भकांच्या आजारांचा जगभराचा आकडा काढायचा तर शिते निरनिराळ्या पातेल्यांतून उचलावी लागतात. अशाच एका आकड्याचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

२०१४ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात ॲना सील व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. २०१२ या एका वर्षात दक्षिण आशिया, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या तीन प्रदेशांत मिळून सुमारे ६९ लाख अर्भकांना पहिल्या महिन्यात 'संभाव्य गंभीर जंतुसंसर्ग' झाला, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यांपैकी ३५ लाख बाळे दक्षिण आशियातील होती. मृत्यूंचा अंदाज होता ६ लाख ८० हजार.

एवढी बाळे कोणी मोजली? कोणीच नाही. लेखकांनी २२ अभ्यासांतील माहिती एकत्र केली. त्यांत २,५९,९४४ अर्भके होती व २०,१९६ आजारी ठरली होती. साधा भागाकार केला तर ७.८ टक्के येतात. निबंधात मात्र ७.६ टक्के दिले आहेत. हा फरक गणितातील चूक नव्हे. सर्व बाळे एकाच ढिगात टाकली तर एखादा मोठा अभ्यास बाकीच्यांना झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक अभ्यासाचा दर वेगळा काढून, त्याला योग्य ते वजन देऊन मग सरासरी घेतली जाते. हेच येथले सांख्यिकी प्रारूप. या दराने तिन्ही प्रदेशांतील जन्मसंख्येला गुणले की ६९ लाख येतात. आजारी बाळांपैकी ९.८ टक्के दगावतात असे धरले की मृत्यूंचा आकडा मिळतो. नववीच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब वहीत पडताळता येईल.

निबंधाचा पहिला गुण असा की त्याने आपली अनिश्चितता लपविलेली नाही. खरा दर ६.१ ते ९.२ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, म्हणजे बाळे ५५ लाख ते ८३ लाख असतील, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दोन टोकांत २८ लाखांचे अंतर आहे. आपण वर्गात '६९ लाख' सांगतो तेव्हा हे अंतर गाळतो आणि अंदाजाला मोजणीचा मान देतो.

दुसरा शब्द आपण गाळतो तो 'संभाव्य'. खेड्यात जंतू दाखविणारी तपासणी नसते. बाळ अंगावर पीत नाही, त्याला झटके येतात, हालविल्याशिवाय ते हलत नाही, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आहे, छाती आत ओढली जाते, अंग तापले आहे किंवा गार पडले आहे, अशा लक्षणांवरून ठरवावे लागते. ही लक्षणे गंभीर आजाराची खूण आहेत, पण तो आजार जंतूंमुळेच झाला असे त्यांवरून सिद्ध होत नाही. जन्मताना गुदमरलेले किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळही असेच दिसू शकते.

याचा आकड्यावर किती परिणाम होतो? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १००० बाळांपैकी १५ जणांना खरोखर जंतुसंसर्ग आहे आणि लक्षणांवरून त्यांतील १२ सापडतात. उरलेल्या ९८५ बाळांत शंभरात केवळ पाचच चुकीने 'आजारी' ठरली, तरी ती ४९ होतात. एकूण संख्या ६१, पण जंतुसंसर्गाची त्यांत १२. निरोगी बाळांची संख्या मोठी असल्यामुळे छोटी चूकही मोठी होऊन बसते.

प्रत्यक्षात काय आढळले? बांगलादेश, पाकिस्तान आणि भारतात वेल्लोर व ओडिशा येथे झालेला 'ॲनिसा' हा अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ६३,११४ बाळांवर दोन महिन्यांच्या वयापर्यंत लक्ष ठेवले गेले. संभाव्य गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण हजारी ९५ निघाले. रक्त आणि नाका-घशातील नमुने तपासले तेव्हा शंभरांपैकी २८ आजारांचेच कारण सांगता आले: १६ जीवाणूंमुळे, १२ विषाणूंमुळे. उरलेल्या ७२ बाळांत जंतू नव्हतेच, असे मात्र म्हणता येत नाही. तान्ह्या बाळाचे रक्त थोडेच घेता येते आणि त्यात जंतू हाती लागेलच असे नाही.

मग ६९ लाखांचा आकडा टाकाऊ आहे का? याचे उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, ती मिळाली २.६ टक्के बाळांना. ४० बाळे दगावली. पुढे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी लक्षणांवरून निदान करून प्रतिजैविके दिली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्के होते. १९९९ च्या निबंधात ते २.८ टक्क्यांवर आले. ही घट ७१ रुग्णांवर आधारलेली होती. पुढे ४४८ उपचारित बाळांचा हिशेब झाला तेव्हा प्रमाण ६.९ टक्के निघाले. संख्या लहान असली की टक्केवारी कशी हेलकावे खाते, हे यावरून दिसते. तरीही उपचाराने बाळे वाचली, हा निष्कर्ष दोन्ही हिशेबांत कायम राहिला.

गावातल्या त्या बाईपुढे प्रश्न होता, 'या बाळाला आता औषध द्यायचे की नाही?' तिने जंतू सिद्ध होण्याची वाट पाहिली असती तर बाळ हातचे गेले असते. किती बाळांना तातडीची मदत लागेल, हे ठरविण्यासाठी ६९ लाख हा आकडा योग्य आहे. किती बाळांना जीवाणूंचा संसर्ग होतो, लस कोणत्या जंतूवर हवी, प्रतिजैविके किती वायफळ जातात, हे ठरविण्यासाठी तो वापरला तर फसगत होईल. ही चिंता पुस्तकी नाही. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर व क्लेबसिएला हे जंतू आघाडीवर होते आणि अनेक औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरत होती.

निबंधातील दोन उणिवांकडे विशेष लक्ष द्यावे. बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेली बाळे त्यात धरलेली नाहीत. ज्यांना धोका सर्वांत अधिक, तीच हिशेबाबाहेर राहिली. दुसरी उणीव सरासरीची. गडचिरोलीच्या गावांत सुरुवातीला १७ टक्के बाळांत जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली होती. निबंधाची सरासरी आहे ७.६ टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. पण ७.६ ने गडहिंग्लज तालुक्यातील जन्मसंख्येला गुणून येईल ते उत्तर ना गडचिरोलीचे, ना गडहिंग्लजचे. प्रारूप मोठ्या प्रदेशाचा अंदाज देते. तालुक्याचा आकडा तालुक्यातच मोजावा लागतो. 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील किती बालमृत्यू नोंदीतून निसटतात हे दाखविले, तेही गावोगाव मोजूनच.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. तीन डब्यांत हरभरे व वाटाणे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळावेत. प्रत्येक गटाने एकाच डब्यातून मूठभर दाणे काढून तिन्ही डब्यांतील वाटाण्यांचा अंदाज सांगावा. नंतर सर्व गटांच्या उत्तरांवरून 'कमीत कमी' व 'जास्तीत जास्त' अशी मर्यादा लिहावी. शेवटी डबे रिकामे करून दाणे मोजावेत. अंदाज कोठे चुकला हे दाणे मोजल्यावरच कळते. बाळांच्या बाबतीत हे शेवटचे काम जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्यांचे आहे, आणि ते टाळले तर कितीही चांगले प्रारूप त्याची भरपाई करू शकत नाही.