पर्यायांची गणना आणि पर्यायांची कल्पना

अंतराळमोहिमेच्या आरंभी, यानाचा एकही भाग घडविला गेलेला नसताना, जे निर्णय घेतले जातात त्यांचे ओझे मोहिमेस अखेरपर्यंत वाहावे लागते. यान एक असावे की अनेक, कक्षा कोणती, इंधन कोणते, प्रक्षेपक किती सामर्थ्याचा, हे प्रश्न तेव्हा कागदावरचे असतात. त्यांची उत्तरे एकदा धातूत उतरली म्हणजे ती बदलणे अतोनात खर्चाचे होते. म्हणूनच या टप्प्यावर अभियंत्यांस साहाय्य करणाऱ्या सॉफ्टवेअरची चिकित्सा केवळ तंत्रज्ञांपुरती मर्यादित राहू नये.

अशा साहाय्याचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करावयास हवेत. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने १९९५ मध्ये स्थापिलेला ‘टीम एक्स’ हा गट, किंवा युरोपीय अंतराळ संस्थेने १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये उभारलेले तत्सम केंद्र, यांची रीत अशी की, निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ एकत्र बसतात आणि परस्परांशी जोडलेल्या संगणकांवर एखादा आराखडा जलद सिद्ध करतात. दुसऱ्या प्रकारात एका आराखड्याऐवजी पर्यायांचे संपूर्ण क्षेत्रच संगणकापुढे मांडले जाते. प्रत्येक निर्णयाची संभाव्य उत्तरे नोंदावयाची, त्यांच्या सर्व जुळण्या करावयाच्या, अशक्य त्या गाळावयाच्या, आणि उरलेल्यांस ठराविक निकषांवर गुण द्यावयाचे. एका निकषावर हानी सोसल्याखेरीज दुसऱ्यावर ज्यांत सुधारणा संभवत नाही, अशा पर्यायांची जी रेषा उरते तीस ‘परेटो सीमा’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे.

या पद्धतीच्या समर्थनार्थ अपोलो मोहिमेचे उदाहरण वारंवार दिले जाते. विलार्ड सिमन्स यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात ते आहे, आणि क्रॉली, कॅमेरन व सेल्वा यांच्या प्रणालीरचनेवरील पाठ्यग्रंथातही आहे. तेथे चंद्रमोहिमेचा प्रश्न नऊ निर्णयांत बसविला आहे. सात निर्णयांस दोन-दोन, एकास तीन व एकास चार उत्तरे असल्याने एकूण जुळण्या १,५३६ होतात; परस्परविसंगत जुळण्या वगळता १०८ उरतात. त्यांची तुलना पृथ्वीच्या कक्षेत न्यावे लागणारे वस्तुमान आणि मोहीम यशस्वी होण्याची संभाव्यता या दोन निकषांवर केली आहे. मांडणी स्वच्छ आहे आणि गणित तपासता येण्याजोगे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि त्या नऊ निर्णयांपैकी एक निर्णय चंद्राच्या कक्षेत यानांचे मीलन घडवावे किंवा कसे, हा आहे. आणि वस्तुतः १९६१ मधील सर्व वाद याच प्रश्नाभोवती होता. केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी चंद्राचे उद्दिष्ट घोषित केले, तेव्हा प्रचंड प्रक्षेपकाने थेट चंद्रावर जाणे किंवा पृथ्वीच्या कक्षेत यान जुळविणे, हे दोन मार्ग विचारात अग्रभागी होते. चंद्रकक्षेतील मीलनाची कल्पना अज्ञात नव्हती. युरी कोंद्रात्युक यांनी ती कित्येक दशके आधी लिहून ठेविली होती. परंतु गंभीर विचारास योग्य म्हणून तिची गणना होत नव्हती. लँग्ले संशोधन केंद्रातील जॉन हौबोल्ट यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये, अधिकाराची उतरंड ओलांडून, सहप्रशासक रॉबर्ट सीमन्स यांस थेट पत्र लिहिले. फॉन ब्राउन यांनी ७ जून १९६२ रोजी या मार्गास पाठिंबा दिला आणि ११ जुलै रोजी तो निर्णय जाहीर झाला. आज्ञावलीच्या तक्त्यात जो प्रश्न ‘होय’ अथवा ‘नाही’ एवढ्यावर उरकतो, तो तक्त्यात येण्यासाठीच एका अभियंत्यास एवढा खटाटोप करावा लागला. अर्थात हे उदाहरण आज्ञावलीची गणनाशक्ती सिद्ध करते. तिची शोधकता सिद्ध करीत नाही.

दुसरा आक्षेप संभाव्यतांविषयी आहे. दोन याने अवकाशात प्रत्यक्ष जोडली गेली ती प्रथम मार्च १९६६ मध्ये, जेमिनी ८ मोहिमेत. १९६१ मध्ये या क्रियेच्या यशाचा कोणता अंक धरावयाचा, यास अनुभवाचा आधारच नव्हता. गतकालाचे गणित आज मांडणाऱ्यास तो आधार असतो, आणि नव्या मोहिमेची योजना करणाऱ्यास तो नसतो.

तिसरा आक्षेप निकषांविषयी आहे. धोक्यांच्या गुणाकारात प्रत्येक वाढीव मीलन हे वाढीव जोखीम म्हणूनच दाखल होते. परंतु एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या मुख्य यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा स्वतंत्र अवतरणयान होते म्हणूनच तिघे अंतराळवीर जिवंत परतले. मोहीम सफल होणे आणि माणसे परत येणे हे दोन भिन्न निकष आहेत. त्या मोहिमेत पहिला फसला आणि दुसरा साधला. जो निकष प्रारंभी मांडलाच नाही, त्यावर कोणतीही परेटो सीमा प्रकाश पाडू शकत नाही.

यावरून ही साधने टाकाऊ ठरतात असे मात्र नव्हे. १९६१–६२ मध्ये प्रत्येक केंद्राचा आपापल्या मार्गाकडे ओढा होता; सर्वांचे पर्याय एकाच मापाने मोजणारा तक्ता तेव्हा असता, तर वादाचा पुष्कळसा भाग लवकर मिटला असता. पूर्वग्रहाची झाडाझडती घेणे हे या आज्ञावलीचे खरे कार्य आहे. मात्र ती झाडाझडती तक्त्यात लिहिलेल्या पूर्वग्रहांचीच होते. न लिहिलेले पूर्वग्रह तिच्या हातून सुटतात, आणि रंगीत आलेखाच्या आडून ते अधिकच प्रतिष्ठित होतात.

म्हणून या क्षेत्रात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने किती सहस्र पर्याय तपासले, या संख्येवर समाधान मानू नये. कोणते पर्याय गणनेपूर्वीच वगळले व का, गृहीत अंक बदलता सीमा कितपत हलते, आणि निकष कोणी ठरविले, यांची नोंद निष्कर्षाइतकीच ठळकपणे दिली जावी. परीक्षकांनीही प्रथम तीच मागावी. हौबोल्ट यांच्या पत्राचे काम यंत्राकडून होणार नसेल, तर निदान असे पत्र लिहिणाऱ्यास तक्त्यात एक नवा रकाना उघडून मिळावा, एवढी व्यवस्था तरी आपल्या पद्धतीत असलीच पाहिजे.