आधी जपलेले, मग ओळखलेले

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ग्रँट प्राणिशास्त्र संग्रहालय म्हणजे एकच दालन. वाघापुढे गवत आणि पाठीमागे रंगवलेले आकाश, असला थाट इथे नाही. लाकडी कपाटांत सांगाडे, कवट्या आणि द्रवाने भरलेल्या बरण्या खेटून बसल्या आहेत. वर सज्जाच्या कठड्यापाशी वानरांचे आणि माणसाचे सांगाडे उभे राहून खाली बघतात. आपण प्राणी पाहायला यावे आणि त्यांनीच आपल्याला न्याहाळावे, हा मांडणीतला मिश्कीलपणा. माणसाला वानरांच्याच रांगेत उभे केले आहे, हे ध्यानात आले की त्या मिश्कीलपणाला धार चढते.

ही धार संस्थापकाला शोभणारी आहे. रॉबर्ट एडमंड ग्रँट यांनी एडिंबरात तरुण डार्विनला समुद्रजीव निरखायला शिकवले. जीवजाती बदलत जातात, हे मत डार्विनचा ग्रंथ येण्याच्या कितीतरी आधी ते मांडत होते. लंडनला प्राध्यापक म्हणून आले, तर वर्गात दाखवायला नमुनेच नाहीत. मग 1828 पासून त्यांनी ते स्वतःच जमवले, आणि 1874 मध्ये ते गेल्यावर सारा संग्रह कॉलेजकडे आला. राजेरजवाड्यांच्या हौसेतून नव्हे, मास्तरांच्या गरजेतून उभा राहिलेला हा संग्रह, म्हणून इथल्या देखणेपणालाही वर्गाची शिस्त आहे. घशाचे शल्यविशारद व्हिक्टर नेगस यांच्या संग्रहातली, मधोमध उभी कापलेली प्राण्यांची डोकी पाहा. पहिला दचका ओसरला की नजर नाकाच्या पोकळीतून घशात उतरते, आणि वास व श्वास यांच्या वाटा प्राण्यागणिक कशा बदलतात ते दिसू लागते.

प्रेक्षकांचा जीव मात्र जडला आहे तो एका बरणीवर. मोल हा जमिनीत बोगदे खणणारा, मखमली अंगाचा छोटा प्राणी. असे 18 मोल एकाच बरणीत, लोकलच्या डब्यातल्या गर्दीसारखे कोंबलेले. एखादे पुढचे पाऊल काचेला टेकलेले. विच्छेदनाच्या तासाला लागतील म्हणून असे नमुने घाऊक भरून ठेवत. हसू येते, आणि लगेच त्या हसण्याचा संकोचही वाटतो. विनोद आणि करुण इतके लगटून क्वचितच भेटतात.

पण या दालनाचा गाभा क्वागाच्या सांगाड्यात आहे. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचा प्रकार. पट्टे मुख्यतः अंगाच्या पुढच्या भागावर. बेसुमार शिकारीने तो संपला. शेवटचा क्वागा 1883 मध्ये ॲम्स्टरडॅमला पिंजऱ्यात मेला. इथे मात्र तो झेब्रा म्हणूनच उभा होता. 1972 मध्ये संग्रहालयातले झेब्र्याचे दोन सांगाडे तपासले, तर एक निघाला गाढवाचा आणि दुसरा क्वागाचा! कातडीबरोबर पट्टे गेले की घोड्याच्या कुळातली हाडे एकमेकांसारखीच दिसतात. चिठ्ठी चुकली होती; हाडे मात्र जागच्या जागी होती, म्हणून चूक सुधारता आली.

तीच गोष्ट सूक्ष्म प्राण्यांच्या कोपऱ्याची. वर्गात वापरून झालेल्या, खणांत पडलेल्या काचपट्ट्यांपैकी दोन हजारांहून अधिक 2013 मध्ये एका अडगळीच्या खोलीत भिंतभर लावल्या आणि मागून उजेड सोडला. प्राणिसृष्टीचा बहुतांश भाग चिमुकल्या जीवांचा आहे आणि संग्रहालये हत्ती-देवमाशांतच रमतात, हे त्या उजळलेल्या भिंती एक शब्दही न लिहिता सांगतात.

लंडनमधल्या इतर कॉलेजांनी आपापले प्राणिसंग्रह मोडीत काढले, त्यांतले काही याच दालनात आले. जागा अडते, वर्गात कोणी हात लावत नाही, ही कारणे त्या त्या वेळी पटणारीच असतात. त्याच कारणांनी 1972 च्या आधी कोणी या कॉलेजातला एक ‘जादा झेब्रा’ काढून टाकला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. अशा संग्रहाची किंमत आज त्याचा काय उपयोग होतो यावर ठरवता येत नाही, हे ग्रँट संग्रहालय मुद्देसूद पटवून देते. काय जपतो आहोत हे जपणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे नाही.