पॅलॅडियमचा जमाखर्च : अल्कोहोलांच्या ऑक्सिडीभवनाच्या एका पद्धतीचे परीक्षण

अल्कोहोलांपासून ॲल्डिहाइडे व कीटोने मिळविण्याच्या पद्धतींत पॅलॅडियम उत्प्रेरक आणि रेणवीय ऑक्सिजन या जोडीस गेल्या काही दशकांत मानाचे स्थान लाभले आहे. ‘स्वच्छ पद्धती’ असा तिचा लौकिक असून त्याचा आधार सकृद्दर्शनी भक्कम दिसतो. 3 ग्रॅम-रेणू, म्हणजे 324 ग्रॅम, बेंझिल अल्कोहोलाचे बेंझाल्डिहाइड करावयाचे असल्यास जुन्या रीतीने 200 ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड लागते आणि मागे क्रोमियमच्या लवणांचा गाळ उरतो. ऑक्सिजन मात्र 48 ग्रॅम पुरतो आणि मागे उरते ते 54 ग्रॅम पाणी. परंतु या हिशेबात ऑक्सिजन आहे, पॅलॅडियम नाही. पद्धतीचे मोल ठरवावयाचे, तर तो रकाना आधी भरला पाहिजे.

वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकास यासाठी निकष दुरून आणावा लागत नाही. वर्ध्यात 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत उभारणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या 1945 च्या ग्रंथात उपशाने घटणारी साठ्याची संपत्ती आणि निसर्गात पुनःपुन्हा भरून येणारी संपत्ती असा भेद केला आहे. हवेतील ऑक्सिजन दुसऱ्या वर्गातला; पॅलॅडियम निःसंशय पहिल्या वर्गातले, आणि तेही मुख्यत्वे रशिया व दक्षिण आफ्रिका येथून येणारे. तथापि हा निकष जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. कोळसा जळून संपतो. उत्प्रेरक तत्त्वतः संपत नाही, फिरत राहतो. म्हणून धातू दुर्मिळ आहे एवढ्यावरून पद्धती त्याज्य ठरत नाही. मोट केवढी आहे यापेक्षा तिला भोक केवढे आहे, हे पाहावे लागते.

हे भोक कोठे पडते, ते विक्रियेच्या यंत्रणेवरून कळते. द्विसंयुजी पॅलॅडियम अल्कोहोलाशी संयोग पावून अल्कॉक्साइड बनविते. त्यातील कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे जातो व कार्बोनिल संयुग सुटे होते. मग आम्ल बाहेर पडून धातू शून्य संयुजेवर येतो. ऑक्सिजनचे मुख्य कार्य येथे सुरू होते. तो शून्यसंयुजी पॅलॅडियमशी पेरॉक्साइड संयुग बनवितो. आम्लाच्या योगे हायड्रोजन पेरॉक्साइड सुटून धातू पुन्हा द्विसंयुजी होतो. सारांश, येथे ऑक्सिजन अल्कोहोलावर थेट विक्रिया करीत नाही. तो उत्प्रेरकास पुनरुज्जीवित करतो. त्यास विलंब झाल्यास धातूचे अणू एकत्र येऊन काळी पूड तळाशी बसते. डायमिथिल सल्फॉक्साइडातील विक्रियेच्या गतिकीचा स्टाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हीच शर्यत दाखवितो.

आता आकडे पाहावेत. उएमुरा व सहकाऱ्यांची 1998 ची पद्धती सुटसुटीत आहे : पॅलॅडियम ॲसिटेट, पिरिडीन, टोल्यूइन आणि 80 अंश सें. तापमान. मात्र उत्प्रेरकाचे प्रमाण अल्कोहोलाच्या 5 रेणुशतांश आहे. म्हणजे धातूचा प्रत्येक अणू फार तर 20 फेऱ्या करतो, आणि वरील 324 ग्रॅम अल्कोहोलासाठी सुमारे 16 ग्रॅम पॅलॅडियम लागते. ते परत मिळाले नाही, तर या पद्धतीस स्वच्छ म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय तप्त टोल्यूइनवर ऑक्सिजन सोडण्यात आगीचा धोका आहे, तो वेगळाच. शेल्डन व सहकाऱ्यांनी 2000 मध्ये पाण्यात विरघळणारा उत्प्रेरक वापरून सेंद्रिय विद्रावकाची गरज टाळली. परंतु त्यासाठी 100 अंश तापमान व 30 वातावरणे हवेचा दाब लागला. कानेदा व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हायड्रॉक्सीॲपटाइटवर बसविलेल्या पॅलॅडियमने 2,36,000 फेऱ्यांचा आकडा गाठला. या हिशेबाने 3 ग्रॅम-रेणू अल्कोहोलास जेमतेम 1.4 मिलिग्रॅम धातू पुरतो.

हा फरक विस्मयकारक आहे. पण तो सावधपणे वाचावा. दुसरा आकडा 1-फेनिलइथेनॉलाचा, 160 अंशांवरचा आहे. हे अल्कोहोल सहज ऑक्सिडीभूत होते आणि त्याचे कीटोन पुढे आम्लात जात नाही. ज्यांची ॲल्डिहाइडे पुढे आम्ले होतात, त्या साध्या प्राथमिक अल्कोहोलांना तो आकडा लावणे अप्रस्तुत होय. अनुकूल पदार्थावर मिळालेली फेऱ्यांची संख्या ही पद्धतीची सर्वसाधारण योग्यता नव्हे.

तात्पर्य, या पद्धतीची दिशा योग्य आहे. तिची स्तुती मात्र पुष्कळदा अपुऱ्या हिशेबावर उभी असते. पदव्युत्तर प्रबंधांत उताऱ्याच्या टक्केवारीबरोबर आणखी तीन गोष्टी नोंदल्या जाव्यात : घातलेले पॅलॅडियम, परत मिळालेले पॅलॅडियम, आणि उत्प्रेरक गाळून काढल्यावर गाळलेल्या द्रवात विक्रिया चालू राहते की थांबते. ऑक्सिजन हवेत आहे म्हणून स्वस्त आहे; त्याच्या स्वस्ताईखाली धातूचा खर्च झाकला जाऊ नये.