पडद्यामागचा हात

नाट्यगृहात वा क्लबात प्रेक्षकांसमोरच दृश्ये हाताळणारा व्हिडिओ-कलावंत हा नव्या युगाचा कलावंत मानला जातो. साधन नवे आहे, हे खरे. परंतु उजेड, पडदा आणि चित्र यांच्या साह्याने श्रोत्यांच्या कलाने कथा रंगविण्याची विद्या आपल्या मुलखात जुनीच आहे. तोगलु गोंबेआट, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, ही ती विद्या होय. १९५६ पर्यंत बीदर-गुलबर्ग्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात असलेल्या कोप्पळ भागातील मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली या कलेसाठी पद्मश्री जाहीर झाली, हे उचितच झाले.

या खेळाचे मर्म बाहुलीत नसून ती धरणाऱ्या हातात आहे, असे आमचे मत आहे. पारदर्शक होईतो कमावलेले रंगीत चामडे पडद्याला टेकविले की रेषा ठळक उमटते. दिव्याकडे मागे घेतले की छाया वाढते, धूसर होते. एवढ्या हालचालीतून राक्षस मायावी होतो. रामायण ऐन भरात असता किल्लेक्यात हा विदूषक आणि त्याची बंगारक्का मध्येच अवतरतात व श्रोत्यांचा नूर पाहून गावगप्पा हाणतात. चित्र शब्दासाठी थांबते. हल्लीच्या नाटकांत मात्र आधी तयार केलेली चित्रफीत मागे धावते आणि नट तिला गाठू पाहतो. तेथे चित्र धनी आणि नट चाकर ठरतो.

ही विद्या टिकणार कशी? पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. चित्रकथी व बाहुल्यांच्या खेळांसाठी त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे कार्य मोलाचे आहे. तथापि संग्रहालय बाहुली जपते. ती केव्हा मागे घ्यावी, हे शिष्याला गुरूशेजारी बसूनच उमगते.

आपणा मराठी घराण्यांना याहून जवळची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. किल्लेक्यात समाज खेळ करतो कानडीत, पण त्याची घरची बोली मराठीच्या कुळातली आहे. आपण वाचनालये व शाळा काढून मराठी राखली. या भटक्या कुटुंबांनी ती चुलीपाशी राखली आणि आपली कला कानडीला वाहिली. सीमाभागातील भाषाव्यवहाराचे याहून उदार उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. तरीही मराठी समीक्षेत या पडद्याची दखल अभावानेच आढळते.

सत्काराच्या शाली पुष्कळ झाल्या. आमच्या मंडळांनी गणेशोत्सवात पंधरा मिनिटांचा नमुना न मागता या मंडळींना अख्खी रात्र द्यावी, आणि पडद्यामागे दोन मुले शिकायला बसवावीत.