कचेरीतील खाजगी व्यवहार आणि मालकाची पाळत

१ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोचली. राहण्याचे गाव एक आणि नोकरीचे दुसरे, ही जीवनरीत पुढे ह्या परिसरात रूढ झाली. मुंबईत नोकरीस जाणारा कल्याणकर दररोज एका बाजूने पन्नासाहून अधिक किलोमीटर प्रवास करतो. बँक, शाळा, दवाखाना व महापालिका ह्यांच्या कामाच्या वेळा मात्र बहुधा त्याच्या कचेरीच्याच वेळा असतात. घरपट्टीचा भरणा, मुलाच्या शाळेचा निरोप, वृद्ध आईच्या तपासणीचा अहवाल हे व्यवहार त्याला कचेरीत बसूनच इंटरनेटवर उरकावे लागतात. अशा व्यवहारांवर मालकाने किती नजर ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिस्तीचा नाही.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये सरकारी कचेऱ्यांतील मोबाइलच्या वापराविषयी आदेश काढला. कार्यालयीन कामासाठी शक्यतो दूरध्वनीच वापरावा, खाजगी बोलणे खोलीबाहेर जाऊन करावे, समाजमाध्यमांचा वापर करताना वेळेचे व भाषेचे भान ठेवावे, असा त्याचा आशय होता. ह्या आदेशाचा रोख शिष्टाचारावर आहे. कोण कोणाशी काय बोलतो, हे जाणून घेण्याची त्याला गरज वाटत नाही. हा त्याचा गुण होय.

खाजगी आस्थापनांत वापरली जाणारी देखरेखीची साधने ह्याहून पुष्कळच पुढे जाऊ शकतात. एखादे संकेतस्थळ बंद ठेवणे, ते किती वेळ पाहिले गेले ह्याची नोंद करणे आणि प्रत्यक्ष मजकूर वाचणे, ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिली निर्बंध घालते, दुसरी मोजते, तिसरी मात्र माणसाच्या अंतरंगात शिरते. माहितीची चोरी रोखणे ही मालकाची रास्त गरज आहे. तथापि त्या गरजेने ह्या तिन्ही गोष्टींचे सारखेच समर्थन होत नाही.

आपल्या कायद्यात हा विवेक पुरेसा आढळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे सातवे कलम नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याची माहिती हाताळण्यास मुभा देते. व्यापारी गुपितांचे रक्षण हे त्यातील उदाहरण समजण्याजोगे आहे. 'नोकरीचे प्रयोजन' कोठे संपते, हे मात्र कलम सांगत नाही. संमतीची अट काढली, तर तिच्या जागी मर्यादा घालावयास हवी होती. ती घातली गेली नाही, ही ह्या कलमाची मुख्य उणीव होय.

ही मर्यादा कशी असावी, ह्याचा विचार युरोपात झाला आहे. रुमानियातील बार्बुलेस्कू नावाच्या अभियंत्यास २००७ मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. ग्राहकांसाठी उघडलेल्या संदेशखात्यावरून त्याने भाऊ व वाग्दत्त वधू ह्यांच्याशी केलेला संवाद मालकाने वाचला होता. कंपनीत खाजगी वापरास बंदी होती. तरीही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्या खाजगी जीवनाचे पुरेसे रक्षण झाले नाही, असा निर्णय दिला. पाळतीची पूर्वसूचना, तिची व्याप्ती, तिचे सबळ कारण आणि सौम्यतर उपायाची शक्यता ह्या कसोट्या त्या निर्णयाने पुढे ठेवल्या.

ह्या कसोट्या आपल्याकडेही लागू व्हावयास हव्यात. परतीच्या गाडीत उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर कचेरीचे निरोप येतच असतात. रात्री घरीही ते थांबत नाहीत. कचेरी घरात शिरते ते कर्तव्य आणि घर कचेरीत शिरते तो अपराध, हा न्याय एकांगी आहे. वेळेचा हिशेब मालकाने अवश्य मागावा. आईच्या तपासणीचा अहवाल वाचण्याचा अधिकार त्या हिशेबातून निर्माण होत नाही.