आत्मनियमन आणि ‘स्मृतिचित्रे’

ख्रिस्ती साधकाच्या आत्मनियमनाविषयी मराठीत जी पुस्तके व प्रवचने आमच्या पाहण्यात आली, त्यांतील बहुतेकांचा दोष विचाराचा नसून शब्दांचा आहे. परंतु शब्दांचा दोष फार दिवस राहिला म्हणजे तो विचारातही उतरतो. दमन, निग्रह, देहदंड, वासना ठार मारणे हे सारे शब्द आपल्या जुन्या तपश्चर्येच्या कोठारातून उचललेले आहेत. ते वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर पंचाग्नी साधणारा जोगी उभा राहतो, नाही तर कवायतीच्या मैदानावरील शिपाई.

कामठीत राहणारास शिपायाची आठवण विशेष होते. कन्हानच्या काठी 1821 साली येथे छावणी पडली, आणि आजही गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र येथेच आहे. कवायतीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण हुकूम बाहेरून येतो व अवयव तो पाळतात, इतकेच तिचे स्वरूप. मनाने काय केले याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. ज्या संताचे नाव आमच्या प्रांतातील कॅथलिक मंडळींच्या तोंडी नित्य असते, त्याने नेमकी हीच चौकशी आधी केली आहे. सॅव्हॉय प्रांतातील अनेसी येथे 1838 साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे पाद्री विशाखापट्टणमच्या मार्गाने इकडे आले. 1887 साली नागपूरचे धर्मपीठ विशाखापट्टणमपासून स्वतंत्र झाले, आणि नागपूरचे मुख्य प्रार्थनामंदिर याच संताच्या नावाचे आहे. नाव सर्वांस ठाऊक, परंतु त्याचे 1609 सालचे भक्तिमय जीवनाविषयीचे पुस्तक वाचलेला मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. आम्हीही ते इंग्रजी भाषांतरातच वाचले. फ्रेंच आम्हांस येत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हे पुस्तक मठवासीयांसाठी नाही. एका संसारी कुलीन स्त्रीस लिहिलेल्या पत्रांतून ते वाढले. मनुष्याची सुधारणा केस, वस्त्रे, चालणे यांपासून आरंभावी ही रीत फ्रान्सिसला पसंत नाही. तो अंतःकरणापासून आरंभ करावयास सांगतो, म्हणजे बाहेरचे आपोआप सावरते. उपवासाविषयी त्याची दृष्टी अशी की, फार लठ्ठ झालेले हरिण जसे धावत नाही तसे फार रोडावलेलेही धावत नाही. ताटातील मुद्दाम निकृष्ट तेवढे निवडून खाण्यापेक्षा पुढे वाढलेले मुकाट्याने खावे, यात तो अधिक साधना पाहतो, कारण निकृष्ट निवडण्यातही निवड आपलीच राहते. आणि सर्वांत मार्मिक सूचना स्वतःवरील रागाविषयी आहे: आपण रागावलो म्हणून पुन्हा रागावणे हा अहंकाराचाच एक प्रकार, चुकलेल्या मनास मायेने समजावून पुन्हा वाटेस लावावे. हा संत स्वभावतः तापट होता व पुष्कळ वर्षांच्या सवयीने मृदू झाला, असे सांगतात. ते खरे असल्यास या उपदेशाची किंमत वाढते.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. ज्या बाईसाठी ते लिहिले तिच्या दारी नोकरचाकर होते. सकाळचे ध्यान, दिवसाचे नियम, रात्रीचे आत्मपरीक्षण यांस तिला सवड होती. प्रत्येकाची भक्ती त्याच्या व्यवसायास व शक्तीस धरून असावी, असे फ्रान्सिस स्वतःच म्हणतो खरे. पण चुलीपुढे बसलेल्या बाईचा दिवस त्यास आतून ठाऊक नव्हता. तो पाहण्यासाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळतो.

या ग्रंथाचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. त्याची स्तुती आजवर विनोदासाठी, भाषेसाठी, प्रामाणिकपणासाठी झाली आहे व ती यथार्थ आहे. आत्मनियमनाचा ग्रंथ म्हणून मात्र तो कोणी वाचीत नाही, याचे कारण तो शब्द लक्ष्मीबाई वापरीतच नाहीत. ग्रंथाच्या आरंभीच त्यांचे वडील आहेत. सत्तावनच्या बंडानंतर सासऱ्यांस फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांना सोवळ्याने पछाडले, आणि बाहेरून घरात येणारी वस्तू धुवून घेतल्याखेरीज त्यांस चैन पडेना. आमच्या वर्गात हे पान वाचले की विद्यार्थी हसतात. एकदा एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, एवढे सगळे धुवायला पाणी कोण आणीत होते?” त्या प्रश्नानंतर आम्ही ते पान पूर्वीसारखे वाचू शकलो नाही. वडिलांचा नियम कडक होता, अखंड होता. पण त्याचा भार घरातील माणसांवर पडत होता.

दुसरे चित्र पतीचे. नागपूरहून राजनांदगावास जाताना 1893 साली आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नारायण वामन टिळकांस नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचा त्याग निःसंशय मोठा होता. पण क्षणात संतापणारे, क्षणात विरघळणारे, न सांगता घराबाहेर पडणारे, हातचा पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होणारे टिळक लक्ष्मीबाईंनी जसे होते तसे रेखाटले आहेत. 1917 साली त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला. थोरांच्या त्यागाची गणती करताना त्यांच्या घरच्यांनी काय दिले ते वहीत मांडण्याची आपल्या चरित्रकारांस सवय नाही. लक्ष्मीबाईंनी ते मांडले आहे. तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, हसत. आमच्या मते सबंध ग्रंथात हेच सर्वांत अवघड कृत्य आहे.

आणि त्या स्वतः? पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे व त्यांची चूल वेगळी राहिली. कोणाच्या हुकमाने ती मोडली नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनास विचारला, उत्तर मिळाले तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. जी स्त्री बापाच्या घरी सोवळ्याच्या धाकात वाढली, तिने ते सोवळे आतून सोडले. फ्रान्सिसने सांगितलेला क्रम तो हाच.

कोणी म्हणेल, हा तर स्वभावाचाच गोडवा. याला साधना का म्हणावे? आम्हांस हा आक्षेप तितकासा पटत नाही. विनोदी स्वभाव मनुष्यास एक प्रसंग तारून नेतो. चाळीस वर्षे नव्हे. प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा करताना किंवा पोरक्या मुलांस घरात घेताना केवळ विनोद पुरत नाही.

टिळक 1919 साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. कोणत्याही शाळेत न शिकलेल्या या बाईने ते हाती घेतले व त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. 1936 साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून निघाला तो त्यानंतर, 1938 साली. त्याच्या काव्यगुणांविषयी आमचे मत मध्यम आहे, काही अध्याय केवळ कथा पुढे नेण्यासाठी रचलेले दिसतात. तरी ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर ते नीरस अध्यायही आम्ही निराळ्या आदराने वाचले. ओवीमागून ओवी, रोजचे घरकाम उरकावे तशी ती लिहिलेली आहेत.