पोवाड्याची चाल आणि संहिता

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदास शाहिराचा पोवाडा ॲकवर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे अभ्यासकांच्या हाती आला. मात्र त्या मुद्रणाने शब्द राखले, चाल नव्हे. प्लेफर्डच्या १६५१ च्या इंग्रजी नृत्यसंग्रहात याउलट लोकनृत्यांच्या सुरावटीच स्वरलिपीत उतरल्या. आपल्याकडे चाल कागदाबाहेर राहिल्याने समीक्षा पोवाड्याला केवळ वाचावयाची कविता मानते आणि त्याची रचना शिथिल ठरवते. ही शिथिलता संहितेची नसून वाचनपद्धतीची आहे. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ गृहीत धरल्यावाचून या ओळींची लय कळत नाही. पोवाड्याची मीमांसा म्हणूनच प्रयोगापासून सुरू व्हावयास हवी.